अधिक महिन्यातला शेवटचा पेपर

आमच्या विद्यापीठाच्या पहिल्या नोंदवहीत एक नंबरला मालन मारुती शेडगे हे नाव आहे आणि ते माझ्या अक्षरात आहे. एवढंच वाचून कुणाचा असा समज होईल की मी त्यांना सन्मानानं बोलावून प्रवेश दिला. प्रत्यक्षात त्या जूनमध्ये खिडकीशी आल्या तेव्हा मी मान वर न करता म्हणालो, "मुलाला स्वतः यावं लागेल. पालकांना फॉर्म देत नाही."

"मला मुलगा न्हाई, मुलगी हाय. ती शिकतीय ठाण्याला," त्या म्हणाल्या. "फॉर्म माझा हाय."

मग मी मान वर केली. चाळिशी ओलांडलेल्या बाई, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीतून बाळांचं वजन करायच्या काट्याचा हुक बाहेर आलेला. आता तरी माफी मागावी की नाही? मी म्हणालो, "बी.ए. तीन वर्षांचं असतं, मावशी."

"मग तीन वर्सांनी हुईल," त्या म्हणाल्या आणि रांगेत मागं कुणीच नसल्यामुळे तिथेच उभ्या राहून त्यांनी फॉर्म भरला.

मालनबाई मूळच्या माण तालुक्यातल्या. लग्न होऊन कल्याण पूर्वेला आल्या, कोळसेवाडीच्या चाळीत. यजमान मारुतराव एसटीत मेकॅनिक, खोपटच्या डेपोत. मालनबाई सोळा वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. मुलगी दहावीला असताना तिच्या जोडीनं अभ्यास करत त्यांनी बाहेरून बारावी दिली. आता त्यांना पर्यवेक्षिका व्हायचं होतं. सेविकांमधून ती भरती व्हायची, पण पदवी हवी आणि वय पंचेचाळीसच्या आत हवं. "सोळा वर्सं झाली, नवी मॅडम येती, मला इचारती की कुपोषित मूल कसं वळखायचं. मी सांगती. ती वहीत लिवून घेती आन् माझ्याच कामावर सही तिची करती," त्यांनी मला एकदा सांगितलं. पंचेचाळीस पूर्ण व्हायला त्यांच्याकडे तीन वर्षं आणि दोन महिने होते. आमचा कोर्स तीन वर्षांचा. म्हणजे नापास व्हायला जागा नव्हती, आणि विद्यापीठानं घोळ घालायला तर अजिबात नव्हती. हा दुसरा भाग त्यांना ठाऊक नव्हता. तेव्हा त्या मला ओळखत नव्हत्या.

विद्यापीठ खासगी आणि कोरं होतं. जाहिरातीत कल्याण-शीळ रस्त्यावरची एक उंच काचेची इमारत होती, समोर कारंजं, कारंज्याजवळ गोरे विद्यार्थी. त्यातली एक इमारत खरोखर बांधून झाली होती, ती इंजिनिअरिंगला गेली. आम्ही कला शाखेवाले उरलो: तीन प्राध्यापक, चाळीसच्या आसपास विद्यार्थी आणि वरिष्ठ लिपिक प्रशांत गमरे, म्हणजे मी. आमची "तात्पुरती सोय" जवळच्याच एका मंगल कार्यालयात केली गेली. ती तीन वर्षं टिकली. आमच्याकडे तेवढी टिकलेली दुसरी योजना मला आठवत नाही.

वर्ग मुख्य हॉलमध्ये भरत. फळा स्टेजवर, त्याच्या मागे थर्माकोलची "शुभविवाह" अशी अक्षरं, आणि इतिहासाचे सर दोन लाल सिंहासनांच्या मधे उभे राहून फ्रेंच राज्यक्रांती शिकवत. वधूपक्षाची खोली ही स्टाफरूम होती. तिला तिन्ही बाजूंनी आरसे असल्यामुळे कुणालाही एकट्यानं चहा पिता येत नसे. ग्रंथालय भटारखान्याला लागून होतं. तिथल्या पुस्तकांना अजून तळणीचा वास येतो.

करार असा होता की लग्न असेल त्या दिवशी हॉल त्यांचा, नसेल त्या दिवशी आमचा. दुसऱ्या विद्यापीठांत वेळापत्रकासाठी समिती असते. आमच्याकडे भिंतीवरचं कॅलेंडर होतं आणि मी होतो. वर्षाच्या सुरुवातीला मी लग्नाचे मुहूर्त लाल पेननं खुणावून काढायचो आणि उरलेल्या दिवसांत राज्यशास्त्र, समाजशास्त्र वगैरे बसवायचो. नोटीस बोर्डवर "मुहूर्तानिमित्त सुट्टी" असं माझ्या सहीनं लागायचं. काही पोरं सुट्टीच्या दिवशीच नेमानं यायची. नवऱ्याकडचे त्यांना नवरीकडचे समजायचे, नवरीकडचे नवऱ्याकडचे, आणि आमची उपस्थिती पंगतीत शंभर टक्के भरायची. मालनबाई एकदाच चुकून आल्या. वऱ्हाडातलं एक किडकिडीत बाळ पाहून त्यांनी पिशवीतला काटा काढला, त्याचं वजन केलं, आईला कोपऱ्यात घेऊन दहा मिनिटं समजावलं आणि न जेवता गेल्या.

यातली खरी गंमत म्हणजे मुहूर्ताशी माझा काडीचा संबंध नाही. आम्ही गमरे, मूळचे मंडणगडचे, आता कळव्याचे. घरात तीन पिढ्या बौद्ध. माझ्या आईवडिलांचं लग्न कंपनीला सुट्टी म्हणून रविवारी झालं. पण नव्यानं शिकलेल्या माणसाचा उत्साह दांडगा असतो. वर्षभरात मी असा तयार झालो की मराठीच्या मॅडम मुलीच्या लग्नाची तारीख मला विचारून गेल्या. कार्यालयाचा मॅनेजर सर्वेश हा मालकाचा पुतण्या. तो डायरी घेऊन माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा, "साहेब, मार्गशीर्ष कसा आहे?" मी डोळे बारीक करून कॅलेंडर बघायचो. मला फार बरं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०१८ साली, पहिल्या तुकडीची शेवटची परीक्षा आली आणि माझ्या बुद्धीला बहर आला. त्या वर्षी मेच्या मध्यापासून अधिक ज्येष्ठ होता. अधिक महिन्यात कुणी लग्न करत नाही. म्हणजे जवळजवळ तीस दिवस हॉल सलग आमचा! मी परीक्षा विभागाला दोन पानी टिपण पाठवलं, त्यात "एकही विवाह संभवत नाही" हे वाक्य अधोरेखित केलं. परीक्षा नियंत्रकांनी त्यावर "उत्तम" असा शेरा मारला. त्याची झेरॉक्स मी जपून ठेवली होती. पुढे स्वतःच फाडली.

आता त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. माझी आत्या रमाबाई, नर्स म्हणून निवृत्त झालेली, आवाज अजून वॉर्डातला. तिचा फोन आला. प्रीतीचं, म्हणजे माझ्या आत्येबहिणीचं, अंबरनाथच्या सुमितशी ठरलं. मेअखेरचा रविवार हवाय, तुझ्या त्या कॉलेजच्या हॉलचं बघ. मी ऐटीत सर्वेशला म्हणालो, "सत्तावीस मे लिही. आमच्यात अधिकबिधिक काही नसतं." सर्वेशनं लिहिलं. पत्रिकेचं प्रूफसुद्धा मीच तपासलं. त्यातल्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या.

आणि एप्रिलमध्ये नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांचा अर्ज आला की शेवटचा पेपर शनिवारऐवजी रविवारी घ्या. मी भिंतीवर पाहिलं. अधिक महिना, एकही विवाह संभवत नाही. मी सत्तावीस तारीख टाकली, वेळ अकरा ते दोन, पर्यवेक्षक म्हणून माझंच नाव, आणि सही ठोकली.

लोक विचारतात, असं कसं विसरलास? मलाही नीट सांगता येत नाही. घरी तो दिवस "प्रीतीचं लग्न" होता आणि ऑफिसात तो "२७/०५" होता. कळव्याचा प्रशांत आणि कल्याणचा गमरे यांची एकमेकांशी ओळखच नव्हती. रजा टाकायला गेलो असतो तरी लक्षात आलं असतं. पण रविवार, रजा कशाला टाकू?

शनिवारी दुपारी मी बाकांवर बैठक क्रमांक चिकटवत होतो. तेवढ्यात चार माणसं पांढऱ्या कापडाचे गठ्ठे घेऊन आत आली. मागून दोघांनी बुद्धांची मूर्ती सांभाळून आणली आणि स्टेजवर ठेवली. त्यांच्या मागे बाबासाहेबांची मोठी तसबीर.

"ओ, कुणाचं लग्न?" मी ओरडलो. "उद्या परीक्षा आहे इथे!"

सर्वेश धावत आला. त्यानं डायरी उघडून माझ्यासमोर धरली. "साहेब, तुमच्याकडचंच आहे ना?"

डायरीत लिहिलं होतं: २७ मे, गमरेसाहेबांकडील लग्न, दुपारी १२. खाली माझी सही होती. मी हातातला "बैठक क्र. ०१" स्वतःच्या शर्टाला चिकटवून तसाच उभा होतो, हे मला नंतर सर्वेशनं सांगितलं.

नियंत्रकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "पेपर रद्द करा. जुलैत पुरवणीबरोबर घेऊ." इंजिनिअरिंगच्या इमारतीत त्या रविवारी बाहेरची प्रवेश परीक्षा होती. दुसरी जागा मिळायची नव्हती. तीस जणांना जुलै चालला असता, दोन-चार तर खूश झाले असते. पण पर्यवेक्षिकेच्या भरतीची जाहिरात आली होती. अर्जाला गुणपत्रिका जोडायची होती आणि शेवटची तारीख होती अकरा जून. पुढची भरती कधी निघेल कुणाला ठाऊक, आणि ऑगस्टमध्ये मालनबाईंना पंचेचाळीस पूर्ण होत होती. शुक्रवारी पेपर देऊन निघताना त्या मला म्हणाल्या होत्या, "सर, ह्यो एक झाला की सुटले बगा." निकाल बारा दिवसांत लावायचं आम्ही त्यांना कबूल केलं होतं. आम्ही म्हणजे मीच.  आयुष्यात मी पुष्कळ माणसांची कामं अडवली आहेत, खिडकीमागे बसून ते आपोआप होतं. पण एवढी लाज कधी वाटली नव्हती.

रिक्षा करून थेट कळव्याला गेलो. आत्याच्या घरात पाहुणे दाटीवाटीनं बसलेले, प्रीतीच्या दोन्ही हातांवर मेंदी. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. 

"म्हणजे हॉल पण तूच दिलास आणि परीक्षा पण तूच ठेवलीस?" आत्यानं विचारलं.

"हो."

"आणि तुला सरकारमान्य विद्यापीठानं पगार देऊन ठेवलंय?"

"हो, आत्या."

"ती बाई कोण म्हणालास? पुन्हा सांग."

मी मालनबाईंचं पुन्हा सांगितलं. आत्या ऐकत राहिली. तिनं स्वतः नर्सिंगची शेवटची परीक्षा प्रीतीला पोटात घेऊन दिली होती. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, तिनं त्याचं तिथे नाव काढलं नाही. प्रीतीच हात हवेत धरून म्हणाली, "दादा, पेपर सुटतो किती वाजता?"

"दोनला."

"मग लग्न चारला करू ना. आपल्याला कुठे मुहूर्त गाठायचाय?"

मी तीन वर्षं कॅलेंडरात डोकं घालून बसलो होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आत्यानं अंबरनाथला फोन लावला. सुमितचे वडील म्हणाले, "अहो, चारला ऊनही उतरलेलं असेल. पोराला विचारतो." मागून सुमितचा आवाज आला, "चालेल, चालेल!" संपलं. आत्यानं फोन खाली ठेवला आणि पाहुण्यांची यादी माझ्या मांडीवर टाकली. "पत्रिका तूच तपासलीस ना? मग आता फोन पण तूच कर. एकूण एक."

एकशे ऐंशी घरं होती. प्रत्येक घरी मी "लग्न चार वाजता आहे" असं सांगितलं आणि प्रत्येक घरानं "काय झालं? मुलगा पळाला का?" असं विचारलं. पन्नासाव्या फोनपर्यंत मी नीट खुलासा करत होतो. पुढे पुढे "नाही, मी गाढव आहे," एवढंच सांगायला लागलो. ते मात्र सगळ्यांना लगेच पटलं.

तरी मंडणगडची गाडी आधीच पहाटेची ठरलेली होती, ती बदलली नाही. ती मंडळी रविवारी साडेअकराला येऊन ठेपलीच. पाठोपाठ इतरही. एकच्या सुमाराला दीडशे माणसं मंगल कार्यालयाच्या आवारात आणि वर हॉलमध्ये, पांढऱ्या फुलांच्या माळांखाली, एकतीस विद्यार्थी "संशोधन पद्धती" सोडवत होते. सर्वेशनं स्पीकरची वायर काढून स्वतःच्या खिशात ठेवली. खाली जेवण आधी सुरू केलं. वाढप्यांना ताकीद होती की डाव भांड्यावर आपटायचा नाही. आमचे सीतारामकाका गावाकडचे, त्यांचं साधं बोलणं चार घरांना ऐकू जातं. ते तणतणत जिना चढून आले, "काय रं प्रशांत, लग्न हाय का मयत?" मी हात जोडले. त्यांनी दारातून आत पाहिलं. स्टेजवर बाबासाहेबांची तसबीर आणि समोर मान खाली घालून लिहिणारी एकतीस माणसं.  त्यांनी चपला काढून कडेला ठेवल्या आणि जिन्यात उभे राहून वर येणाऱ्या प्रत्येकाला बोटानं गप्प केलं. हे त्यांनी दोन वाजेपर्यंत केलं.

मालनबाईंचा बाक दाराजवळचा. हा पेपर त्यांना सगळ्यात अवघड जायचा. "परिकल्पना" हा शब्द त्यांनी तीन वर्षांत मला चार वेळा विचारला होता आणि चारही वेळा मी वेगळं उत्तर दिलं होतं. त्या दिवशी त्या सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहीत होत्या.

पावणेदोनला प्रीती पार्लरमधून आली. पांढरी साडी, केसांत मोगरा. वधूपक्षाच्या खोलीत जायचा रस्ता हॉलमधूनच होता, म्हणून ती बाहेरच्या पॅसेजमध्ये उभी राहिली. तिथे पंखा नव्हता. तिच्या मैत्रिणी पत्रिकेनं तिला वारा घालत होत्या. मालनबाईंनी मान वर करून दाराकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं, उत्तरपत्रिका उचलली आणि उठून माझ्याकडे आल्या.

"घ्या, सर."

"अजून पंधरा मिनिटं आहेत," मी कुजबुजलो. "सगळं झालं?"

"शेवटचा राह्यलाय. त्यो पुस्तकातला न्हाई, आपल्या मनानं लिवायचा हाय. न्हाई जमत मला." त्या दाराकडे बघत होत्या. "नवरी उन्हाची ताटकळतीय. कुणाच्या लग्नात आडवं जाऊ ने, सर. घ्या पेपर."

मी हात पुढे केला. हे मला लिहिताना आजही कसंतरी होतं, पण मी खरंच हात पुढे केला. आलेला कागद घ्यायचा, ही माझी सवय. उत्तरपत्रिकेचं एक टोक माझ्या हातात आलंही होतं.

"मावशी," दारातून प्रीती हळूच म्हणाली. ती उंबऱ्याशी आली होती. "लिहा तुम्ही. माझं लग्न कुठे पळून जात नाही. आणि तुम्ही उठलात तर आई मला आत घेणार नाही."

मालनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आख्खा वर्ग बघत होता. मी कागद सोडला. त्या परत जाऊन बसल्या, टोपण काढलं आणि लिहायला लागल्या. दोनची घंटा होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

लग्न चारला लागलं. सगळे एकतीस विद्यार्थी थांबले होते, ते रीतसर जेवले, या वेळी आमंत्रणानं. त्रिशरण आणि पंचशील म्हणताना मालनबाई पहिल्या रांगेत आत्याशेजारी हात जोडून उभ्या होत्या. सीतारामकाकांनी तोवर साठवलेला सगळा आवाज मोकळा केला.

निकाल आम्ही अकराव्या दिवशी लावला. मालनबाई दुसऱ्या दिवशी सकाळीच गुणपत्रिका घेऊन गेल्या आणि त्याच दिवशी अर्ज भरून आल्या. आता कल्याणमधल्या चोवीस अंगणवाड्या त्यांच्या हाताखाली आहेत. मध्ये एकदा ऑफिसात आल्या तेव्हा माझ्या मुलीचं वजन विचारून मला चार शब्द सुनावून गेल्या.

पण मला सांगायचंय ते निकालाच्या आदल्या दिवसाचं. गुणांची बेरीज तपासायचं काम माझ्याकडे होतं. एक नंबरची उत्तरपत्रिका समोर आली. शेवटचा प्रश्न होता, "तुमच्या परिसरातील एखाद्या पाहणीचे नियोजन कसे कराल?" त्याचं उत्तर मी वाचलं, नियमात बसत नसताना वाचलं. कोळसेवाडीतल्या कुठल्या घरी सकाळी जायचं, कुठल्या घरी आई कामावरून आल्यावर जायचं, जे दार उघडत नाही तिथे दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा कसं जायचं, आणि वहीत "बंद" असं का लिहायचं नाही, हे दीड पानभर होतं. परीक्षकांनी दहापैकी सात दिले होते.

एकूण त्रेचाळीस होते. पास व्हायला चाळीस लागत होते.

मी बेरीज तीनदा केली. मग दार लावून प्रीतीला फोन केला. तिनं उचलला आणि मी "त्रेचाळीस" एवढंच म्हणालो. 

"दादा?" ती म्हणाली. "काय रे? आता कुठली तारीख चुकवलीस?"